बीफ स्ट्यू: मांस वातड, रस्सा पाणचट. कुठे चुकतंय?

सांजवात

नमस्कार मंडळी. आयर्लंडमध्ये कॉर्कला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली. नोव्हेंबर लागला की इथे पाच वाजायच्या आत अंधार पडतो, आणि भुरभुर पाऊस तर दिवसभर असतोच. या दिवसांत ऑफिसात दुपारी कोणी ना कोणी घरून आणलेला स्ट्यू गरम करतं. तो वास आला की आपल्याही घरी हा पदार्थ नीट जमलाच पाहिजे असं मनापासून वाटतं.

गेल्या रविवारी केला. सुपरमार्केटातून बीफचे चौकोनी तुकडे आणले, ८०० ग्रॅम. चरबी अगदी कमी, असं पाकिटावर ठळक लिहिलेलं होतं, म्हणून तेच उचललं. पातेल्यात तेल, कांदा आणि सगळं मांस एकदम घातलं. भरपूर पाणी सुटलं, ते आटेपर्यंत परतलं. मग बटाटे, गाजरं, दीड लिटर पाणी, स्टॉकची वडी, आईने पाठवलेली दोन तमालपत्रं, मिरपूड. खळखळ उकळत ५० मिनिटं ठेवलं. बटाटे विरघळले आणि मांस मात्र चामड्यासारखं राहिलं. रस्सा म्हणजे कोमट मीठपाणी.

गरम मसाला घालून मला त्याचं कालवण करायचं नाही. घरात वाइन आणत नाही. मोजक्या जिन्नसांचा, साधा पण चवीचा स्ट्यू हवा आहे. मसाला वाढवू, वेळ वाढवू की दुकान बदलू?

अमुक_तमुक

पाकिटावर भागाचं नाव होतं का? सगळा घोळ तिथेच असणार.

सांजवात

शोधलं. राउंड लिहिलंय.

निखारा

मग उत्तर मिळालं. राउंड म्हणजे जनावराची मागची मांडी. चरबी कमी, आणि स्ट्यूला ज्याची गरज असते ते कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, तेही कमी. मी बारा वर्षं हॉटेलच्या स्वयंपाकघरात काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

जनावराचे जे स्नायू दिवसभर राबतात, म्हणजे खांदा, मान, पोटरी, छाती, त्यांत कोलॅजन भरपूर असतं. मटणवाल्याकडे आपण दस्ती, गर्दन, सीना, नळी म्हणतो, तेच भाग समजा. कच्च्या मांसात पांढरट पडदे आणि शिरा दिसतात ना, ते कोलॅजन. लोक ते बघून नाक मुरडतात आणि स्वच्छ लाल तुकडा घेतात. स्ट्यूसाठी नेमकं उलट करायचं. ते पडदे हळूहळू वितळून त्यांचं जिलेटिन होतं. मांसाला मऊपणा त्यानेच येतो, आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो तोही त्यानेच.

पण याला वेळ लागतो. मांस ६० अंशांच्या पुढे गेलं की तंतू आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. कोलॅजन साधारण ७० च्या पुढे विरघळायला लागतं, तेही सावकाश. म्हणजे मधला बराच काळ असा असतो की तंतू आवळलेले आहेत आणि कोलॅजन अजून सुटलेलं नाही. तुम्ही ५० मिनिटांनी उतरवलंत ते नेमकं या मधल्या काळात. त्या वेळी मांस सगळ्यात वातड असतं. बहुतेक जण इथेच घाबरून गॅस बंद करतात, किंवा जास्त शिजलं असं समजून पुढच्या वेळी वेळ आणखी कमी करतात. खरं तर अजून दोन तास हवे असतात.

कसायाला सांगा, चक किंवा शिन द्या. चक म्हणजे खांदा, शिन म्हणजे पोटरी. तुकडे चार सेंटिमीटरचे, लहान नकोत. लहान तुकडे आतून कोरडे पडतात.

कढीलिंब

निखारा, काय सुंदर समजावलंत! हे मला वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर किती मांस वाचलं असतं.

पाणपोई

मराठी संकेतस्थळावर गोमांसाची पाककृती बघून वाईट वाटलं. कोणाच्या ताटावर माझा आक्षेप नाही, पण इथे अनेकांच्या श्रद्धा आहेत. याचा विचार व्हावा असं मनापासून वाटतं.

तांबडी_माती

पाणपोई, तुम्ही सभ्य शब्दांत लिहिलंत, म्हणून मीही तसंच लिहितो. मराठी म्हणजे एकच स्वयंपाकघर नाही. मी मराठवाड्यातला. आमच्या आज्याच्या पिढीने हेच मांस खाऊन दिवस काढले. त्यांच्या वाट्याला दुसरं येतच नव्हतं. जास्तीचं मांस लांब पट्ट्यांत कापून, मीठ लावून उन्हात वाळवायचे. त्या चान्या पावसाळ्यात चुलीवर तासन्‌तास शिजत. आजी चुलीतली लाकडं मागे ओढून नुसत्या आरावर भगुनं ठेवायची आणि म्हणायची, 'उकळू देऊ नको, नुसतं हलू दे.' वर निखारा यांनी जे शास्त्र सांगितलं ते ती हाताने करत होती. शाळेत डब्यात काय आणलं हे सांगायची आम्हाला चोरी होती. आज इथे कोणी उघडपणे याबद्दल विचारतंय, याचा मला आनंद आहे.

पाणपोई

तुमच्या आजीबद्दल वाचून थांबले. माझ्या मनात हा कोपरा कधी आलाच नव्हता. मी खाणार नाही, पण धागा चालू राहू द्या.

दुधाळ_खडक

कायद्याबद्दल कोणी विचारायच्या आत लिहून ठेवतो, कारण दर वेळी गैरसमज होतात. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाय आणि वासरू यांच्या कत्तलीवर बंदी होती. २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि तीत बैल आणि वळूही आले. म्हैसवर्ग त्या बंदीत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात परवानाधारक दुकानात बीफ म्हणून जे मिळतं ते म्हशीचं. सांजवात आयर्लंडमध्ये आहेत, त्यांना हा प्रश्न नाही. पण इथून वाचून करणाऱ्यांनी म्हशीचं मांस धरून चालावं.

व्यवस्थापन

खाण्याबद्दलची मतं सर्वांनी संयमाने मांडली, आभार. यापुढे पाककृतीबद्दलच लिहावं.

वसईकरीण

सांजवात बाय, तू ते मांस एकदम सगळं पातेल्यात ओतलंस ना, तिथे तुझी चव गेली. मी वसईची. आमच्या घरी म्हशीचंच. पाण्याने निथळत असलेलं मांस परतायला घेतलं की माझी सासू कालथा हातातून काढून घ्यायची. आधी फडक्याने एकेक तुकडा टिपायचा. तवा इतका तापवायचा की तुकडा टेकवला की चर्रर्र झालं पाहिजे. पाच-सहा तुकड्यांहून जास्त नाही. आणि टेकवला की हात लावायचा नाही. स्वतःहून सुटला की उलटायचा.

मग तळाशी जो करपलेला नाही पण गडद तपकिरी थर बसतो, त्यात खरी चव. त्यात कांदा घाल, कांद्याला पाणी सुटतं, त्याने तो थर खरवडून निघतो.

आमच्यात पुढे बाटली मसाला पडतो. उन्हाळ्यात भाजून, कुटून, बियरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात म्हणून ते नाव. पण तुला मसाला नको आहे तर नको. तपकिरी थर तेवढा कर.

निखारा

वसईकरीण म्हणतात ते शंभर टक्के. यामागचं कारण: ओलं मांस १०० अंशांच्या वर जात नाही, कारण आधी पाणी उडावं लागतं. तपकिरी रंग आणि भाजका वास यायला पृष्ठभाग १४०-१५० च्या आसपास लागतो. पातेल्यात गर्दी केली की मांस स्वतःच्याच पाण्यात उकडतं आणि करडं पडतं. सांजवात यांचं तेच झालं.

एक गैरसमज मात्र दूर करतो. परतल्याने मांसाचा रस आत कोंडला जातो असं म्हणतात, ते खरं नाही. रस बाहेर येतोच. परतायचं ते चवीसाठी. म्हणून सगळ्या बाजू भाजत बसू नका, एक किंवा दोन बाजू गडद झाल्या की पुरे.

कढीलिंब

मैदा लावून परतायचं की न लावता? माझी एक मैत्रीण मैद्यात घोळवूनच परतते.

निखारा

मी लावत नाही. मैदा आधी करपतो आणि मांसाला रंग यायचा राहतो. कांदा मऊ झाल्यावर एक मोठा चमचा मैदा भुरभुरवून दोन मिनिटं परता, तेवढ्याने रस्सा दाट होतो.

बुडापेस्टी

मी याला असहमत. मैदा नकोच! मी बुडापेस्टला सहा वर्षं राहतोय. इथे बीफचा जो दाट स्ट्यू असतो त्याला पोर्कोल्ट म्हणतात. जगभर गुलाश म्हणून जे खपतं ते हंगेरीत सूप आहे. गुयाश म्हणजे गुराखी, त्याच्या कढईतलं पातळ सूप.

पोर्कोल्टला मैद्याची गरज पडत नाही, कारण कांदा. एक किलो मांसाला अर्धा किलो कांदा, बारीक चिरलेला, डुकराच्या चरबीत मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. मग पातेलं आचेवरून खाली उतरवायचं आणि तेव्हा गोड पापरिका, म्हणजे इथली कमी तिखट लाल मिरचीची पूड, घालायची. हे माझ्या शेजारच्या आजींनी मला हात धरून शिकवलं. पापरिकात साखर असते, आचेवर टाकली की क्षणात कडू होते. पापरिका घातली की लगेच मांस, चमचाभर पाणी, झाकण. मांसाला जे पाणी सुटतं त्यातच शिजतं. आटलं की अर्धी वाटी पाणी, पुन्हा आटलं की पुन्हा. तीन तासांनी कांदा दिसत नाही, त्याचाच रस्सा झालेला असतो.

इथे पहिल्यांदा परतून तपकिरी थर करत नाहीत, आणि तरी चव खोल असते. म्हणजे वसईकरीण यांची वाट एक आणि ही दुसरी. दीड लिटर पाणी मात्र कोणत्याच वाटेवर नाही.

सांजवात

दीड लिटर खूप झालं का?

बुडापेस्टी

मांस जेमतेम बुडेल इतकंच. वरचे तुकडे थोडे डोकं वर काढून असले तरी चालेल.

खाडीकाठ

चवीच्या खोलीबद्दल एक सांगू? मी मालवणची, आता पुण्यात. इंग्लंड-अमेरिकेत लोक बीफच्या स्ट्यूत दोन खारवलेले अँकोवी मासे टाकतात. मासा विरघळतो, माशाची चव येत नाही, मांसाची वाढते. याला कारण आहे. टोमॅटोत, कांद्यात ग्लुटामेट नावाचं चव वाढवणारं संयुग असतं, मांसात आणि माशात दुसऱ्या प्रकारची संयुगं असतात, आणि दोन्ही एकत्र आली की एकमेकांना कित्येक पट वाढवतात.

मग मला वाटलं, आपल्याकडे सोडे आहेत की! चार सोडे कोरडे भाजले, मिक्सरमधून पूड केली, पाऊण चमचा कांद्याबरोबर टाकली. घरी कोणालाही कळलं नाही. दिराने विचारलं, वहिनी, आज काय वेगळं घातलंस?

अमुक_तमुक

सोडे आणि बीफ! खाडीकाठ, तुम्ही थेट पेटंट घ्या.

वसईकरीण

यात नवल काय? आमच्याकडे भेंडीत, वांग्यात, पडवळात सुकट पडते. फक्त पूड फार नको, आणि सोडे आधी निवडून घे. वाळू राहिली तर सगळं वाया.

निखारा

सोडे नसतील तर टोमॅटो पेस्ट. एक मोठा चमचा, कांद्यात घालून विटकरी रंगाची होईपर्यंत परतायची. कच्ची टाकली तर आंबट लागते. शिवाय एक चमचा सोया सॉस. सांजवात, तुम्ही वाइन वापरत नाही म्हणालात, तर त्या दोघांनी तुमचं काम होईल. शेवटी अर्धा चमचा व्हिनेगर किंवा लिंबू. जड रस्सा त्याने उजळतो.

तांबडी_माती

तमालपत्राबद्दल कोणी बोललं नाही. सांजवात यांनी आईने पाठवलेलं घातलं. युरोपातल्या पाककृतीत जे बे लीफ लिहिलेलं असतं ते वेगळं झाड. आपल्या तमालपत्राला दालचिनीचा वास असतो, तीन शिरा लांब जातात. तिकडच्या पानाला मधली एकच शीर आणि वास निलगिरीकडे झुकणारा. आपलं घातलं तर बिघडत काही नाही, पण स्ट्यू पुलावाकडे वळतो.

कढीलिंब

आणि स्ट्यूत घालतात तो थाइम (युरोपातला सुगंधी पाला) नसेल तर चिमूटभर ओवा चोळून टाका. दोन्हींत थायमॉल असतं, वास जवळचा. पण चिमूटभरच हं, ओवा जोरकस असतो.

माझीही पद्धत लिहिते. मी कोचीला बारा वर्षं आहे. इथल्या सीरियन ख्रिश्चन घरांत नाताळ आणि ईस्टरच्या सकाळी अप्पमबरोबर स्ट्यू असतो, त्याला इश्टू म्हणतात. तो पांढरा. परतून रंग आणायचा नाही. थोडी दालचिनी, लवंग, वेलची, भरडलेली मिरी तेलात, मग उभा कांदा, आलं, हिरवी मिरची, कढीपत्ता. मांस आधी कुकरमध्ये शिजवून घेतात. मग बटाट्यासह नारळाच्या दुसऱ्या दुधात, आणि अगदी शेवटी पहिलं दाट दूध. पहिलं दूध घातल्यावर उकळायचं नाही, फाटतं. वरून चमचाभर खोबरेल आणि कढीपत्ता. सांजवात यांना नोव्हेंबरच्या पावसात हेही आवडेल.

दुधाळ_खडक

कुकरचा विषय निघालाच आहे तर विचारतो. तीन तास गॅस जाळण्यापेक्षा कुकर का नको?

निखारा

कुकर चालतो. आत साधारण १२० अंश होतात, त्यामुळे तीन तासांचं काम ३५ मिनिटांत होतं. पण तीन गोष्टी पाळा. एक, पाणी निम्मं घाला, कारण कुकरमध्ये आटत नाही. दोन, पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक. तीन, शेवटी वाफ काढू नका. आपोआप उतरू द्या. झटकन वाफ काढली तर आत जोरात उकळी फुटते, तंतू आवळतात आणि मांस कोरडं होतं. बटाटे-गाजर कुकर उघडल्यावर.

वसईकरीण

म्हशीचं असेल तर ४५ मिनिटं. जनावर वयाने मोठं असतं, चरबी कमी. आणि मीठ आदल्या रात्री लावून ठेवायचं. मीठ आतपर्यंत जातं.

सांजवात

सगळ्यांचं वाचून वही भरली! काल शनिवारी कॉर्कच्या इंग्लिश मार्केटला गेले. १७८८ पासूनचं मंडई-बाजारघर आहे, वर काचेचं छत, खाली मासे, लोणी, मांस. एका कसायाला सांगितलं, स्ट्यूसाठी शिन आणि चक द्या. त्याने मान हलवली आणि पोटरीचा गोल तुकडा दाखवला. मध्ये हाड, सभोवती पांढऱ्या रेषा झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या. आठवड्यापूर्वी मी तो तुकडा बाजूला सारला असता. एक किलो घेतलं, हाड वेगळं. रात्रीच १४ ग्रॅम मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवलं.

कढीलिंब

वा! आता कधी करणार?

सांजवात

आज केला. सविस्तर लिहिते, कारण प्रत्येक ओळ तुमच्यापैकी कोणाची तरी आहे.

तुकडे कागदी रुमालाने टिपले. बिडाच्या जड पातेल्यात तेल तापवलं. पहिला तुकडा ठेवला, चर्रर्र झालं. पाच तुकडे, पाच मिनिटं, हात लावला नाही. उलटला तर खालची बाजू गूळ जळायच्या बेतात असताना जशी होते तशी. चार घाण्यांत सगळं झालं. तळ पूर्ण तपकिरी.

आच कमी करून ३०० ग्रॅम कांदा घातला. बुडापेस्टी, तुमचा अर्धा किलो मला जरा जास्त वाटला, मधला मार्ग काढला. कांद्याने तळ कसा सोडवला ते बघत राहावं असं होतं. लसूण, एक चमचा टोमॅटो पेस्ट विटकरी होईपर्यंत, एक चमचा मैदा, सोया सॉस. सोडे इथे मिळाले नाहीत, अँकोवीचे दोन मासे घातले. मिनिटभरात विरघळले. मांस, हाड, ७०० मिली पाणी, स्टॉकची अर्धी वडी, थाइम, इथलं एक पान, मिरी. उकळी आली की झाकण घालून ओव्हनमध्ये १५० अंशांवर.

एक तासाने तुकडा दाबला. दगड. घाबरले, पण निखारा यांचं वाक्य आठवून झाकण ठेवलं. दोन तास दहा मिनिटांनी काटा शिरला पण अडकला. तेव्हा गाजरं आणि बटाटे घातले. दोन तास पन्नास मिनिटांनी काटा टोचून नुसता फिरवला आणि तुकडा आपोआप उकलला. आत रेषा राहिल्याच नव्हत्या, त्यांच्या जागी चमकदार, मऊ काहीतरी होतं.

रस्सा चमच्याच्या पाठीला चिकटत होता. नवऱ्याने ताट पावाने पुसून घेतलं.

एक मात्र झालं. गाजर शिजलं, पण बटाटा ४० मिनिटांनीही मधे कच्चट होता. गेल्या वेळी विरघळला, या वेळी शिजेना. हे कसं?

निखारा

अभिनंदन! बटाट्याचं कारण आंबट. टोमॅटो पेस्ट, सोया सॉस, यांतल्या आम्लामुळे बटाट्यातलं पेक्टिन, म्हणजे पेशींना जोडून ठेवणारं द्रव्य, घट्ट राहतं. नुसत्या पाण्यात तो लवकर फुटतो, आंबट रश्शात उशिरा. आम्ही आमटीत चिंच डाळ शिजल्यावर घालतो ना, तसंच. एक तर बटाटे तास आधी घाला, नाहीतर वेगळे उकडून शेवटी सोडा.

बुडापेस्टी

किंवा बटाटा आत घालूच नका. बाजूला घोटलेला बटाटा आणि त्यावर स्ट्यू.

तांबडी_माती

किंवा ज्वारीची भाकरी. कडा कुस्करून रश्शात. मी करून बघितलंय.

खाडीकाठ

सांजवात, उरलाय का? उद्या खा. रात्रभर फ्रीजमध्ये राहिला की रस्सा जेलीसारखा बसतो आणि वरची चरबी पांढरी होऊन थाळीसारखी निघते. हवी तेवढी काढता येते. चव दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेली लागते. फक्त पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका. उथळ भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.

पाणपोई

मी न खाणारी, तरी सगळा धागा वाचला. हीच रीत बोकडाच्या मटणाला चालेल का? घरात मुलगा मटण खातो आणि माझ्याकडून नेहमी वातड होतं.

वसईकरीण

ताई, अगदी तशीच. मान आणि दस्ती मागा, चाप नको. टिपून घ्या, थोडं थोडं परता, झाकण ठेवून दीड-पावणेदोन तास बारीक आचेवर. खरा जुना आयरिश स्ट्यू तर मटणाचाच असतो. मटण, बटाटा, कांदा, पाणी. सांजवातला विचारा.

सांजवात

बरोबर आहे वसईकरीण, इथले जुने लोक तेच सांगतात. बीफला कॉर्कचा मान वेगळा आहे. १८ व्या शतकात इथून खारवलेलं बीफ आणि लोणी जहाजं भरून जायचं. नाताळात मसाल्यात मुरवलेलं स्पाइस्ड बीफ अजूनही इथल्या घरांत होतं. वरून ते जवळजवळ काळं दिसतं, कापलं की आत लाल. लवंग, जायफळ, मिरी, काही दिवस मुरवत ठेवायचं. ते या डिसेंबरला करणार आहे, वेगळा धागा काढते.

पाणपोई

वसईकरीण, आभार. रविवारी करते आणि लिहिते.

रातराणी

उशिरा येतेय. पुण्यात भाड्याची खोली, ओव्हन नाही, एक इंडक्शन आणि पाच लिटरचा कुकर. म्हशीचं अर्धा किलो आणलंय, खांद्याचं. आता सुरू करू का?

निखारा

करा. कुकरमध्येच तुकडे परता, तीन-तीन. इंडक्शन पूर्ण जोरावर ठेवा, नंतर शिट्टी झाली की जवळजवळ सगळ्यात खाली आणा. पाणी पाऊण वाटी पुरे, कांदाही पाणी सोडेल. ४५ मिनिटं.

खाडीकाठ

पुण्यात आहात तर सोडे मिळतील. पाव चमचा पूड, अर्ध्या किलोला तेवढीच.

रातराणी

परतून झालं. तळाचा थर छान सुटला. सोडे घातले. शिट्टी झाली, घड्याळ लावलंय.

वसईकरीण

शिट्टी काढू नकोस हं, आपोआप उतरू दे.

रातराणी

उतरला. एक तुकडा उकलतोय, दोन अजून अडकतायत. झाकण पुन्हा लावलं, आणखी बारा मिनिटं.